तुमच्या भावाची धडधाकट कंबर

आदरणीय वन्संना,

तुमच्या भावजयीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं लगेच उचलत नाही. पुढचं वाचलंत की तुम्ही ते परत ठेवायला लावाल, त्यापेक्षा राहू दे तिथेच.

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं हे कळून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालत जा, आणि हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नका. भिंग लावा, आठ दिवस थांबा, पण स्वतः वाचा. (शेजारीण चांगलीच आहे, पण तिच्या कानात सकाळी शिरलेलं संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचतं.) इकडे आम्ही तिघं बरे आहोत. तुमचे बंधू तर ठणठणीत आहेत. ते ठणठणीतच होते, सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

तुम्ही दोनदा विचारलंत की सहल कशी झाली, आणि दोन्ही वेळा मी हवा छान होती असं लिहून मोकळी झाले. हवा छान होती ते खरं आहे. हवेचे पैसे पडत नाहीत म्हणून तेवढी आम्ही तिघांनीही खाल्ली. बाकीचं आज लिहिते.

तुम्हाला ठाऊकच आहे, हे डेपोत तिकिटांच्या खिडकीवर बसतात. जुन्या राजांनी हवापालटासाठी वसवलेल्या त्या गावाची गाडी यांच्याच खिडकीवरून भरते. इतकी वर्षं दुसऱ्यांना त्या गावाची तिकिटं फाडून दिली, पण स्वतः कधी गेले नाहीत. परत आलेली माणसं खिडकीशी थांबून सांगायची, तळ्यातला महाल बघितला, होडीतून गेलो, आतला जिना काय आहे म्हणून सांगू. हे घरी येऊन ते आम्हाला सांगायचे. या वर्षी जेवताना खाली मान घालून म्हणाले, आपणही जाऊ या का. अर्ध्या दिवसाची रजा मागावी तशा आवाजात. वन्सं, या माणसाने लग्नापासून माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी जाऊ म्हटलं. पण माझी रीत तुम्हाला माहीत आहे. मला लांबून येताना बघून भाजीवाली टोपली झाकते.

तिथे उतरलो तर खोल्यांचे भाव ऐकून मला घेरी आली. एका ठिकाणी तर खिडकीतून तळं दिसतं म्हणून दीडपट. (तळं काय त्याच्या बापाने खणलं होतं? तसं विचारलं मी त्याला. आमची कन्या तेव्हापासून माझ्यामागून चार पावलं अंतर ठेवून चालायला लागली.) उन्हात फिरून फिरून शेवटी एक मोठं दगडी आवार दिसलं, आणि फाटकावर पाटी. माझं वाचन म्हणजे चौथीतलं, एकेक अक्षर दळत दळत जाते, पण मोफत हा शब्द मला रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतो. गरम पाण्याच्या झऱ्यावरचं ते आरोग्यधाम होतं. रुग्णाला अर्धा दर, सोबतच्या घरच्या माणसांना मोफत, आणि व्हरांडा थेट तळ्यावर.

आत टेबलाशी मेट्रनबाई बसल्या होत्या. रुग्ण कोण, त्यांनी विचारलं. त्या वेळी तुमचे बंधू एका खांद्यावर ट्रंक, काखेत वळकटी अशा थाटात एकेक पायरी गाळत वर येत होते. मी धावत जाऊन ट्रंक हिसकावली आणि म्हटलं, हे बघा, ऐकतच नाहीत, कंबर गेली आहे तरी उचलतात. यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. मग त्यांनी हळूच कमरेवर हात ठेवला, पण दुसऱ्याच्या कमरेवर ठेवावा तसा, संकोचून.

मला वाटलं होतं, नाव लिहून घेतील आणि किल्ली देतील. पण ते आरोग्यधाम खरं निघालं. डॉक्टर आले, यांना पालथं घातलं, इथे दुखतं का, तिथे दुखतं का. हे आधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग दुखतं म्हणायचे. इतक्या ठिकाणी दुखतं म्हटल्यावर डॉक्टर गंभीर झाले. गादी काढून फळी टाकली, पायांना दोऱ्या बांधून वजनं लटकवली, जेवण बिनमिठाचं आणि उकडलेलं. आणि मेट्रनबाईंनी यांच्या चपला उचलून आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. तिथली रीतच तशी. रुग्ण बरं वाटलं की गावात भटकायला जातात आणि दुखणं वाढवून येतात, म्हणून आल्या आल्या पायताण जप्त. मी म्हटलं, एक दिवस जाऊ दे, उद्या सुधारले म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी सुधारले म्हणून सांगितलं, तर डॉक्टर खूश झाले, उपाय लागू पडतोय म्हणाले, आणि आणखी एक वजन लटकवलं.

आता होडीचं सांगते. हे सांगण्यासाठीच कागद घेतला आहे, पण हात मघापासून इकडेतिकडेच फिरतोय.

हेच म्हणाले, तुम्ही दोघी तरी जाऊन या, मी कुठे जातोय. आम्ही गेलो. होडीवाल्याने विचारलं किती माणसं, मी म्हटलं दोन, आणि खोटं कशाला बोलू, एका तिकिटाची बचत झाली असंही मनात आलं. होडी मध्यावर गेल्यावर कन्येने आरोग्यधामाकडे बोट केलं. दुपारची वजनं उतरवून यांना व्हरांड्यात आरामखुर्चीवर ठेवलं होतं. पांढऱ्या झग्यात, पाय चादरीत गुंडाळलेले. आणि हे हात हलवत होते. मीही हलवला. मग बघते तर आमच्या पुढच्या होडीलाही हलवला, मागच्या होडीलाही. एकही होडी सोडत नव्हते. लांबचा चष्मा मी घरीच ठेवायला लावला होता, प्रवासात फुटला तर नवा कोण घेणार म्हणून. आमची होडी कुठली ते यांना दिसत नव्हतं. आमची चुकायला नको म्हणून सगळ्यांनाच हात करत होते.

कन्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू बाबांना गहाण ठेवून आपल्याला फिरवते आहेस."

वन्सं, होडीवाल्याने परत दिलेले सुटे मी पुन्हा मोजायला लागले.

महाल मी बघितला, पण काय बघितलं ते विचारू नका. परत आल्या आल्या तडक मेट्रनबाईंसमोर उभी राहिले आणि सांगितलं, यांना काहीही झालेलं नाही, चपला द्या. त्यांना वाटलं, मी कंटाळले. आजाऱ्याला आधी घरचेच विटतात, यावर त्यांनी मला चांगलं अर्धा तास ऐकवलं. वर म्हणाल्या, तुमचे रुग्ण दुपारभर परक्या होड्यांना हात करत होते, कंबर सुधारली तरी डोक्याचंही एकदा दाखवून घ्या. मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धडधाकट आहेत ना? मग सगळ्या दिवसांचा, तिघांचा पूर्ण दर भरा, आणि आत्ता घेऊन जा."

शेवटची होडी सुटायला अजून वेळ होता. बटवा माझ्या हातात होता, आणि बटव्यात पैसेही होते. देवाशपथ होते. मी तो दोरीला धरून उभी राहिले, आणि उघडला नाही. खोलीत जाऊन यांना म्हटलं, उद्या निघायचंच आहे, आता कशाला हलवाहलव. हे पडल्या पडल्या म्हणाले, "असू दे गं. आराम झाला मला." मग कन्येला जवळ बसवून महालाचं सगळं विचारून घेतलं. जिना कसा, कठडा कसा, खिडक्यांच्या काचा कुठल्या रंगाच्या. ती सांगत होती, हे छताकडे बघत ऐकत होते, आणि मी ट्रंक भरत होते. एकाच साडीची घडी तीनदा घातली.

हेही मी तुम्हाला लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात हे डबा विसरले म्हणून मी डेपोत गेले. खिडकीशी एक नवराबायको त्याच गावाची तिकिटं घेत होते, आणि तुमचे बंधू त्यांना रंगून सांगत होते, आतला जिना चुकवू नका, वर पोचलात की वळून बघा, पायऱ्या दिसतच नाहीत, नुसता कठडा तरंगतो. कन्येचं एकेक अक्षर. तेवढ्यात मी दिसले. यांचं वाक्य तिथेच राहिलं, मान खाली घालून सुटे मोजायला लागले. चोरी माझी आणि मान यांची खाली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, डबा परत आणायला विसरू नका.

असं आहे. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी वाचीन. आणि थेंब टाळू नका.

तुमची भावजय

ता. क. खरं काम वेगळंच आहे. यांना एक पत्र टाका, की मला ते गाव बघायचंय, एकटीला जमत नाही, तू घेऊन चल. मी चला म्हटलं तर हे म्हणतील, बघून झालंय. तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. पैसे मी तुमच्याकडे पाठवते, ते तुमचेच आहेत असं सांगा. मी येणार नाही. मी आले तर परत दर विचारत फिरेन, माझा मला भरवसा नाही. होडीत यांना पुढे बसवा, आणि लांबचा चष्मा लावलाय ना तेवढं बघा.

ता. क. दुसरा. उतरायचं ते चांगल्या ठिकाणी, तळं दिसणाऱ्या खोलीत. दीडपट तर दीडपट. हे दोनदा लिहून खोडलं होतं, कागदावर दिसेलच.

ता. क. तिसरा. डेपोत सहज चौकशी केली. यांच्या नोकरीच्या मोफत पासावर बहीण चालत नाही, आई चालते. तुम्ही यांना आईच्या मायेने वाढवलंत हे सगळं गाव सांगेल, मग त्यात खोटं ते काय? कंडक्टरने विचारलं तर आई म्हणा आणि पदर जरा पुढे ओढून घ्या. लाजू बिजू नका. आपल्या घराच्या वाटची सगळी लाज मी आधीच लाजून ठेवली आहे.