पुलावरचा खोटा झटका

रविवार, संध्याकाळ

नुसता संताप झालाय.

माझ्या चुलतभावानं, प्रशांतदादानं, त्याच्या चॅनलवर व्हिडिओ टाकला. गाड्यांच्या शर्यतीचा एकच गेम, माझ्या जुन्या कन्सोलवर आणि त्याच्या नव्यावर, शेजारी शेजारी. बोलणारी मी. गेल्या रविवारी बदनापूरला त्याच्या घरी आम्ही दोन्हीवर खेळून बघितला होता. नव्यावर पाणी चकाकतं, रंग भारी, हे खरंच. पण गेममधल्या नदीवरच्या पुलावर माझ्या जुन्यावर गाडी एकदाही अडकली नव्हती. व्हिडिओत मात्र ती पुलावर झटके खाते!

लगेच फोन लावला. "दादा, पूल माझ्याकडं अडकत न्हाई."

"मीच अडकवला, एडिटिंगमधी. फरक दिसला न्हाई तर बघंल कोण?"

"मंग 'आम्ही स्वतः खेळून पाहिलं' असं मी कशाला बोलले त्यात?"

"इतकं काय मनावर घेऊन राह्यलीस? गेम हाय तो."

गेम? व्हिडिओखाली भोकरदनच्या एका मुलीनं लिहिलंय, "ताई, मला हाच जुना कन्सोल घेऊन देणार होते. तुमचं ऐकून घरचे आता नको म्हणतात." माझं ऐकून! मुलीला कन्सोल द्यायला घरच्यांना तयार करणं काय असतं, मला माहीत न्हाई का?

तो झटका खोटा आहे, असं मी तिथंच लिहिलं. दादानं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी मोबाइल टीव्हीसमोर टेकवून ठेवला, जुन्या कन्सोलवर पुलावरून गाडी नेली आणि ते चित्रण थेट तिलाच पाठवलं.

आत्ता तिचं उत्तर आलं, "ताई, हे पप्पांना दाखवू?"

दाखव म्हटलं. आणि ते बोलणार असतील तर फोन लाव, मी बोलते त्यांच्याशी.