खिडकीजवळची गाठ

गिरीज, रविवार, २० फेब्रुवारी १९८३

दुपारी मुंबईच्या संग्रहालयात मालतीबाईंचं प्रदर्शन पाहून आले. छतापासून जमिनीपर्यंत लाल सुताचं भलंमोठं जाळं. चार महिने आमच्या पडवीत बसून मी विणलेलं, गेल्या सोमवारी तिथे टांगलंही मीच. पाटीवर नाव फक्त त्यांचं. एकीनं विचारलं, "या गाठी कुणी मारल्या?" तर बाई म्हणतात, "मीच. ही सेलिना, सूत आणून द्यायची." सूत आणून द्यायची! मी नुसती हसले.

मग खिडकीजवळची गाठ दिसली. बोटभर सरकलेली. हाताला सवय पानवेली बांधायची, तिथेही तीच गाठ मारली गेली. वेलीला काचू नये म्हणून ती ओढीसरशी सरकते, दर आठवड्याला आवळावी लागते. बाईंना हे कुठून माहीत असणार? निघताना सांगणार होते. पण मी का सांगू? मी तर सूत आणून देणारी.

सगळा भार त्या खिडकीजवळच्या गाठीवर आहे. शुक्रवारी बाईंचे मोठे पाहुणे यायचेत. तोवर ती काही टिकत नाही.

उपवासकाळात असा डूख धरू नये, ठाऊक आहे मला. फादरांकडे जाऊन पापनिवेदन करीन. शनिवारी.