सरदार कोनराडची लेक

पार्सिपनी,
ऑक्टोबर २००६

प्रिय सुशांत,

तुझे कागद पोचले. दर रविवारी फोनवर तू "ताई, मिळाले का गं?" एवढंच विचारतोस आणि पुढे गप्प होतोस. तुलाही संकोच, मलाही संकोच, मग आपण दोघं आईच्या गुडघ्यांवर बोलत बसतो. म्हणून म्हटलं, लिहावंच. मळ्याच्या हक्कसोडीवर मी सही करणार की नाही, ते याच पत्रात सांगते. पण तुझी ताई सरळ मुद्द्यावर कधी आली आहे? आधी तुला माझ्या सरदाराची गोष्ट ऐकावी लागेल.

मेलेल्या जर्मनांची अमेरिकेत जाऊन चौकशी करतेस, म्हणून तू मला चिडवतोस. पण मोहनच्या व्हिसावर मला इथे नोकरी करता येत नाही, शिकता तेवढं येतं. पुण्यात शिकलेलं जर्मन गंजत पडलं होतं, म्हणून इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं आणि प्रबंधाला राइफेनबाख नावाच्या छोट्या जर्मन शहराचा सरदार कोनराड वाट्याला आला. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा माणूस. बापाकडून मिळाला एक घोडा आणि पाणचक्कीत अर्धा वाटा. कुणा राजाच्या बाजूने लढला आणि बक्षीस म्हणून गावं मिळवली. मग राइफेनबाखच्या तटाच्या आत घर बांधून त्या शहराचा महापौर झाला. द्राक्षमळे, जंगल, नदीवरचा जकात नाका, सगळं एकेक करून जोडत गेला. रागीट होता. वजनात मारणाऱ्या पाववाल्याला पिंजऱ्यात घालून नदीत बुडवून काढायचा, आणि वर स्वतःच काठावर उभा राहून हसायचा. मला सारखे सरपंच असतानाचे बाबा आठवायचे. एकदा निधीने विचारलं, "मॉम, वॉज ही अ गुड गाय?" मी म्हटलं, तुझ्या आजोबांसारखा होता. ती म्हणाली, "सो, यस अँड नो." आठ वर्षांची आहे ही, आणि बाबांना जेमतेम दोनदा भेटलेली!

तर या सरदाराच्या मालमत्तेचं पुढे काय झालं, हा माझा विषय. मी मोठ्या हौसेने त्याची वंशावळ काढली. दोन मुलगे होते, दोघंही प्लेगच्या साथीत गेले. मी त्यांच्या नावांखाली आडवी रेघ मारली आणि लिहून टाकलं, वंश इथे खुंटला, मालमत्ता पुतण्यांकडे गेली. माझ्या प्राध्यापक बाई म्हाताऱ्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी तो कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "अँड द डॉटर?" मुलगी होती, सुशांत. काथारीना नावाची. ज्या दस्ताचं मी स्वतः भाषांतर केलं होतं, त्यातच होती. तिनेच तर बापामागे सगळं पुतण्यांच्या नावे सोडून दिलं होतं. मी तिचं नाव वाचलं, लिहिलं, आणि वंशावळीत घालायचं मला सुचलंच नाही. आपल्या घरच्या कुलवृत्तांतात कधी मुलींची नावं पाहिली होती का आपण? तीच सवय हाताला. त्या दिवशी गाडीत बसून मला रडू आलं, आणि ते काही काथारीनासाठी नव्हतं.

त्यानंतर मी तिला सगळीकडे शोधलं. तिच्या जन्माची नोंद नाही, लग्नाची नाही, मरणाचीही नाही. ती दिसते ती फक्त त्या एका ठिकाणी, सोडून देताना. बदल्यात चुलतभावांनी तिला अस्तर लावलेला लोकरी झगा दिला. आणि तिने एक गोष्ट राखून ठेवली होती. बापाच्या बागेतल्या एका नासपतीच्या झाडाची फळं, ती जिवंत असेपर्यंत तिची. ती फळं तोडायला तिने कधीही यावं, कुणाला विचारू नये, असं स्पष्ट लिहून घेतलंय बाईने.

तो झगा वाचला आणि मला मालिनी आत्याची साडी आठवली. तू लहान होतास. बाबा तिला जीपमधून तहसिलात घेऊन गेले, सही झाली, आणि घरी आल्यावर आईने माझ्या हातात ताट दिलं. हिरवी साडी, मोहरी रंगाचे काठ. आत्याने ती कपाळाला लावली, म्हणाली, "छान आहे रे, दादा." मला वाटलं, केवढी खूश झालीये! त्याआधी हुरड्याच्या दिवसांत ती आली की थेट ज्वारीत शिरायची, पहिली कणसं स्वतः तोडायची, बांध फुटलाय म्हणून बाबांना चार शब्द सुनवायची. सहीनंतर मात्र हुरड्याला आली नाही. नंतर एकदा आली ती माझ्या लग्नाचं बोलायला, तेव्हा आम्ही सगळे मळ्यात होतो. आत्या बांधावर उभी राहिली. कुणीतरी "या" म्हणेपर्यंत खाली उतरली नाही. बाबांनी ते पाहिलं की नाही, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं, आणि आता ते नाहीत.

बाबा गेले तेव्हा मी दहाव्या दिवशी पोचले, त्याची खंत जन्मभर राहील. त्या गडबडीत तू सातबारा दाखवलास. आईचं नाव, तुझं नाव, आणि खाली माझं. त्या जमिनीवर माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. तुझ्या लक्षात आलं नसेल, मी त्यावरून बोट फिरवलं होतं. मोहनला हे सांगितलं तर म्हणतो, "यार विनू, सही करून मोकळी हो ना. आपण काय तिथे जाऊन शेती करणार आहोत?" खरंच आहे त्याचं. डाळिंब तू लावलंस, आईला तू सांभाळतोस, टँकरच्या पाण्यावर झाडं तू जगवलीस. माझा काय दावा असणार? हे मला पटतं, आणि तरी वाईट वाटतं.

न्यूयॉर्कला वकिलातीत जाऊन आले. सही केलेले कागद सोबत आहेत, निश्चिंत राहा. पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलेलं नाही. कागद नुसतेही धाडता आले असते. डाळिंबाच्या कडेला तू ज्वारीचं एक वावर अजून ठेवलंयस, असं आई म्हणाली. यंदा हुरडा धरला की स्वतः गाडी घेऊन मालिनी आत्याकडे जा. ती नाही म्हणेल, गुडघे दुखतात म्हणेल. ऐकू नकोस. तिला आण, आणि बांधावर उभी राहू देऊ नकोस. आणि पुढेमागे मी आले, तर मलाही "ये ताई" म्हणू नकोस, मला माझी उतरू दे. एवढं कर. आणि माझ्यासाठी साडी घेऊ नकोस.

तुझीच,
विनूताई