वाचून दाखवल्याची ओळ

अण्णा, आमच्या घरी सध्या एक मालिका चालू आहे आणि तिचा मला इतका राग आलाय की तो तुमच्याशिवाय कुणाला कळायचा नाही. कोर्टकचेरीची आहे. सुनेने आधीच सगळी पाहिलेली, मी मागून धावतोय. दुपारचं जेवण झालं की इथे पेणला, रामवाडीच्या घरात पंखा लावून रोज दोन भाग. तीन सीझन संपले, चौथा चालू आहे. प्रत्येक सीझनला एक खून, प्रत्येक भागाला एक कलाटणी, आणि शेवटी वकील कोट झटकत असं काही बोलतो की जजच गप्प. पण अण्णा, तीन सीझनमध्ये एकाही माणसाने एकही अर्ज टाइप केलेला नाही! कागद नुसते येतात. कुठून येतात? त्या अख्ख्या शहरात कोर्टाबाहेर एक टेबल नाही, एक टायपिस्ट नाही, तारीख घेऊन एसटी पकडायला धावणारं कुणी नाही. मी म्हटलं, "ह्यांच्या कोर्टात झाडू तरी कोण मारतं?" सून म्हणाली, "बाबा, गप्प बघा. पुढे ट्विस्ट आहे."

ट्विस्ट काय, तर एका म्हाताऱ्याचा अंगठा एका कागदावर निघतो आणि त्याचं घर हातचं जातं. हुशार वकील तो कागद वर धरतो, मागे संगीत, खटला खलास. मी उठून उभाच राहिलो. "अरे, पण त्याला वाचून कुणी दाखवला? ज्याने टाइप केला त्याला बोलवा की!" सून पोट धरून हसली. मग सहज विचारलं तिने, "तुम्ही दाखवता का हो बाबा, प्रत्येकाला?" मी म्हटलं, "मग? अण्णांच्या हाताखाली शिकलोय मी." बोललो खरा, पण पुढच्या भागात काय झालं ते विचारलंत तर सांगता येणार नाही.

डोळ्यांपुढे आपली जुनी जागा: रोह्याच्या कोर्टाबाहेरची पत्र्याची शेड, तुमचं टायपिंगचं मशीन, शेजारी माझं. मी पोरसवदा, निडी गावाहून सकाळच्या गाडीने येतोय. बोटं चपळ, कान त्याहून तिखट. वकील तोंडातल्या तोंडात पुटपुटला तरी मी उतरवून घेतो आणि त्याची मला घमेंड आहे. तुमची एक रीत आहे. मजकूर झाला की कागद रुळातच ठेवायचा, समोरच्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, तो "व्हय" म्हणाला की मगच खाली शेवटची ओळ मारायची: वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो समजला व कबूल आहे. एक दिवस गर्दी फार म्हणून मी ती ओळ आधीच मारून ठेवतो. तुम्ही चष्म्यावरून बघता, आणि कागद, कार्बन, खालच्या प्रती, सगळं एका झटक्यात ओढून फाडता. चार पक्षकारांसमोर. "वाचून दाखवला म्हणतोस? कुणाला रे? टेबलाला?" मी डबा उघडला नाही. तुम्ही तुमच्या डब्यातलं वांगं माझ्यापुढे सरकवलंत. "रागावलास ना? रागव. पण जेवून रागव."

पुढे मी पेणला आलो, स्वतःचं ऑफिस टाकलं, तीन कॉम्प्युटर घेतले. ते पाहायला तुम्ही उरला नव्हतात. कॉम्प्युटरमध्ये मजकूर तयारच असतो. नाव, गाव, गट नंबर तेवढे बदलायचे. आणि ती शेवटची ओळ? ती कुणी टाइप करत नाही. माणूस पायरी चढायच्या आधीपासून ती तिथे बसलेली असते. मीच बसवली.

खाडीकाठच्या गावातली एक बाई, साठीची, दोन भावांबरोबर आली होती. हक्कसोडपत्र करायचं होतं, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावांना सोडायचा. आपल्याकडे हे कसं चालतं ते तुम्हाला काय सांगायचं; बहिणीला रिक्षातून आणतात, वडापाव खायला घालतात, आणि कसला कागद ते सांगतच नाहीत. तिने मला विचारलं, "बाला, काय लिवलंय त्यान?" मी तोंड उघडायच्या आधी भाऊ म्हणाला, "तुजाच नाव लावतंव गो सातबाऱ्यावर. दे अंगठा." माझ्या कानांनी दोन्ही ऐकलं. रजिस्ट्रारकडची वेळ गाठायची होती. मी प्रिंट काढली.

तिला कळल्यावर ती कोर्टात गेली. भावांच्या वकिलाने साक्षीला मलाच बोलावलं. माझ्या मुलाच्या वयाचा पोरगा. म्हणाला, "काका, टेन्शन नाय. नुसतं हो म्हणा. छापलेलंच हाय की तसं!" छापलेलं हाय म्हणे! मला त्या पोराचा राग आला, भावांचा आला, कॉम्प्युटरचा आला, टाळ्या मिळवणाऱ्या त्या टीव्हीवरच्या वकिलाचा आला. आणि खरं सांगतो, तुमचाही आला. हा काटा रुतवून ठेवलात आणि निघून गेलात.

आज साक्ष झाली. पिंजऱ्यात उभा राहिलो. वकिलाने विचारलं, दस्त वादीला वाचून दाखवला होता का? हॉलमध्ये खोकला, पंख्याची घरघर, आणि मागच्या बाकावरून तिचा आवाज, शेजारच्या अनोळखी बाईला हळूच विचारणारा, "काय इचारतान त्याला?" त्या बाईने खांदे उडवले. आजही तिला कुणी सांगत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही दाखवला."

संगीत वाजलं नाही. त्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याचं घर घेतलं. जजसाहेबांनी दोन ओळी सांगितल्या, स्टेनोने घेतल्या, पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली होती. मला वाटलं, चांगलं काही बोलेल. "तवाच वाचला असतास बाला, तं आज तुजाबी दिवस मोडला नसता आन माजाबी." एवढं बोलून ती चप्पल शोधायला लागली.

सुनेला हे मी घरी येऊन सांगितलं तर तिने टीव्ही बंद केला आणि माझ्यासाठी चहा टाकला. तिच्या डोळ्यांत मी आज मोठा माणूस आहे. अण्णा, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहितोय: मी सकाळी घरातून निघालो तो हो म्हणायचं ठरवून.