कमलची जागा

४ नोव्हें.
कमल सकाळच्या बसने सुलतानपूरला गेली, लेकीच्या बाळंतपणाला. जाताना म्हणाली, "माही जागा पाह्यजो." सांगायची काय गरज? बारा वर्षं बाजारात शेजारी बसतो. एक नसली की दुसरी तिचं पोतं अंथरते, वर आपला माल मांडते, म्हणजे तिसरं कोणी घुसत नाही.

६ नोव्हें.
शेगाव स्टेशनजवळच्या आमच्या मोकळ्या जागेवर मॉल येणार. पैसा पुण्याकडचा म्हणे. आज कंपनीची माणसं फोटो काढत आली. ज्याचा फोटो, त्याला नव्या बाजारात ओटा. माझी मेथी माझ्या पोत्यावर, सांभाराच्या हिरव्या जुड्या कमलच्या. त्यांच्यातल्या टोपीवाल्याने विचारलं, दोन्हीकडे तुमचाच माल? मी हो म्हटलं. माल माझाच होता ना. तो जागेचं विचारतोय हे डोक्यातच आलं नाही. मूर्ख बाई मी.

११ नोव्हें.
यादी लागली. दोन्ही जागा मिळून एक ओटा, माझ्या नावावर. कमलचं नाव नाही. तिला फोन लावला, तर नात झाली म्हणून खुशीत. काही सांगितलंच नाही.

१७ नोव्हें.
जागेला पत्रे ठोकले. पत्र्यावर मॉलचं चित्र, कारंजं, गोरी गोरी माणसं. भाजी विकणारं त्यात कोणी नाही. आमचे ओटे नाल्याकडेला. खानावळवाले इतक्या लांब येत नाहीत. अर्धी मेथी सुकली. नुसता संताप.

२१ नोव्हें.
कमल परत आली. सगळं सांगितलं. शिव्या देईल वाटलं. म्हणाली, "लिहून दे मंग, जागा माही होती म्हून." कंपनीच्या ऑफिसात एकटीच गेले. साहेब म्हणाले, द्या लिहून, पण खोटी माहिती दिली म्हणून आधी तुमचं नाव कटेल. तिचं लागेल की नाही, ते वरून ठरेल. महिनाअखेर मुदत. कागद घेऊन आले. कमलला सांगितलं, साहेब भेटलेच नाहीत. का सांगितलं असं

२५ नोव्हें.
सही अजून केली नाही. चार दिवस दोघी एकाच ओट्यावर, ती लिंबं, मी भाजी. आज वॉचमन आला. एका ओट्यावर एकच बाई बसायची, म्हणाला. ओटा कोणाचा? कमल माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "माहा."
तिने लिंबं पाटीत भरली. भरलेली पाटी डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. मी उठलेच नाही. वॉचमनने उचलून दिली.