पन्ह्यात पंचावन्न

ती. सौ. जाऊबाई यांना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे हल्ली पुरतं वाकता येत नाही. जेवढी वाकले तेवढा पावता करून घ्यावा.) तुमची तब्येत उत्तम असेल. ती नेहमीच उत्तम असते, त्यामुळे विचारण्यात अर्थ नाही, पण रीत म्हणून विचारते. भाऊजींचा खोकला कसा आहे? तुमचा दोन दारांचा फ्रीज कसा आहे? आपल्या सासूबाई तुमच्याकडे मजेत आहेत हे त्यांच्याच तोंडून फोनवर कळतं, तेही मी न विचारता. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. यांचं वजन थोडं उतरलंय आणि माझं थोडं चढलंय, म्हणजे घरात एकूण होतं तेवढंच आहे.

पत्र लिहायचं कारण अगदी किरकोळ. आम्ही नवा टीव्ही घेतला. सपाट, हाय डेफिनिशन, भिंतीवर टांगायचा. त्याची काच कशाने पुसतात एवढंच विचारायचं होतं. फोनवरच विचारलं असतं, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर आणि सासूबाई सदा फोनाशेजारी. आम्ही टीव्ही घेतल्याचं त्यांना इतक्यात कळू नये असं मला वाटतं, कारण तो आम्ही त्यांच्यासाठी घेतला असा त्यांचा उगाच गैरसमज व्हायचा. आता कागद पुढ्यात घेतलाच आहे, तर तो कसा घेतला तेही सांगून टाकते. नाहीतर यांच्या आत्याबाईंकडून तुम्हाला तिखटमीठ लावून कळेलच.

सासूबाई तुमच्याकडे आठ दिवसांसाठी म्हणून गेल्या. पिशवीही आठ दिवसांचीच भरली होती, मीच भरली. मग तुमच्याकडून त्यांचा फोन आला, "अगं, इथे काय लख्ख दिसतं! नटाच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. आपल्या जुन्या टीव्हीच्या डब्यात सगळी माणसं पाण्यातून काढल्यासारखी दिसतात. राहते आणखी थोडे दिवस." त्या थोड्या दिवसांचा आता महिना व्हायला आला. खरं सांगते जाऊबाई, मला झोंबलं. तुमचा फ्रीज दोन दारांचा, मी काही बोलले नाही. तुमच्या सुनेला तुमच्या हातचं आवडतं, मी काही बोलले नाही. तुमचे केस अजून काळे आहेत, त्यावर तर मी कधीच काही बोलले नाही (आत्याबाई बोलतात, मी फक्त ऐकते). पण सासू आपल्या दोघींची असताना ती तुमच्या घरी आपण होऊन राहते आणि माझ्या घरी पिशवी उचलायची वाट बघते, हे कुणाच्याही पोटात दुखेल. आणि तेही कशापायी, तर एका टीव्हीपायी!

यांना म्हटलं, टीव्ही घ्यायचा. हे म्हणाले, "आई गेल्यावर? बैल गेला आणि झोपा केला." (स्वतःच्या आईला बैल कोण म्हणतं? पण यांना म्हणींची हौस आहे आणि प्रसंगाचं भान नाही.) मी म्हटलं, बैल परत यायचा तर झोपा नको का? त्यावर यांच्याकडे म्हण नव्हती.

आता एक गोष्ट सांगते, ती मनाला लावून घेऊ नका. भाऊजींच्या वाढदिवसाला आम्ही आलो होतो, तेव्हा तुम्ही सगळ्यांना चार-चारदा सांगितलंत की आमचा टीव्ही पंचावन्न इंची आहे. तुम्ही चहा टाकायला आत गेलात आणि मी तो मोजला. मी पडदे शिवणारी बाई, टेप माझ्या गळ्यात असतेच, लोकांच्या गळ्यात दागिना असतो तशी. (तुमच्या बैठकीतले पडदेही मीच शिवलेत. टीव्हीचं कौतुक चालू असताना त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते, कुणाची नजर गेली नाही तो भाग वेगळा.) तर मी टीव्हीचा पन्हा मोजला. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, या काठापासून त्या काठापर्यंत. भरला अठ्ठेचाळीस! पुन्हा मोजला, तरी अठ्ठेचाळीस. त्या दिवशी तुमच्याकडचा चहा मला फार गोड लागला. घरी आल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं की थोरलीच्या पंचावन्नातले सात इंच हवेतले आहेत. एकदा आत्याबाईंना सांगितलं की वेगळी पत्रिका छापायला नको. सगळ्या नात्यात झालं.

मग आम्ही दुकानात गेलो. जाऊबाई, त्या दुकानात एक अख्खी भिंत टीव्हींची आणि सगळ्यांवर एकच मासा. लहान टीव्हीवर लहान, मोठ्यावर मोठा, पण सगळे एकाच वेळी वळतात आणि एकाच वेळी तोंड उघडतात. हे तर तिथेच उभे राहून तोंड उघडायला आणि मिटायला लागले. विक्रेता टाय लावलेला, फार गोड बोलणारा. मी म्हटलं, पंचावन्न दाखवा. त्याने दाखवला. मी टेप काढली. अठ्ठेचाळीस! मी म्हटलं, "अहो, उरलेले सात इंच काय पावसात आटले?" दुकानातली गिऱ्हाईकं गोळा झाली. यांनी माझी ओळख नसल्यासारखं एका वॉशिंग मशीनचं झाकण उघडून आत बघायला सुरुवात केली. विक्रेत्याने नम्रपणे माझ्या हातातली टेप घेतली, एक टोक वरच्या कोपऱ्यावर आणि दुसरं समोरच्या खालच्या कोपऱ्यावर धरलं. बरोबर पंचावन्न. म्हणाला, "मॅडम, टीव्ही असाच मोजतात. सगळीकडे."

म्हणजे उरेब! कापड तिरकं धरून मोजायचं आणि तिरक्या मापाने विकायचं. मी गिऱ्हाईकाला असं उरेब मोजून पडदे दिले तर लोक मला खिडकीला टांगतील. पण ते जाऊ दे. तिथे उभ्या उभ्या मला दुसरंच काहीतरी कळलं. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. तुमचा पंचावन्न हा पंचावन्नच होता. जाऊबाई, तुम्ही खोटं बोलत होतात तोवर मी सुखात होते. तुम्ही खरं बोलत होतात हे कळलं आणि ते सुख संपलं. आता नात्यात सगळ्यांना माहीत की थोरलीचा अठ्ठेचाळीस. मी पंचावन्न म्हणून तसलाच आणला आणि आत्याबाई टेप घेऊन आल्या (त्या येणारच), तर माझाही अठ्ठेचाळीस भरणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेव्हा मी मान ताठ केली आणि विक्रेत्याला म्हटलं, "तुमचं तिरकं माप तुमच्यापाशी. मला सरळ पन्ह्यात पंचावन्न द्या."

त्याने विचारलं, खोली केवढी आहे? मी म्हटलं, खोलीचं मी बघते. त्याने यांच्याकडे बघितलं. यांनी वॉशिंग मशीनचं झाकण लावलं. तर पन्ह्यात पंचावन्नाच्या खाली नको असेल तर दुकानाच्या भाषेत तो पासष्ट होतो. आम्ही पासष्ट घेतला. (किंमत विचारू नका. यांनीही नंतर विचारली नाही.)

आमची पुढची खोली तुम्ही पाहिली आहे. एका अंगाला माझं मशीन, मधे कापड बेतायचं टेबल, एका अंगाला सोफा. टीव्ही बसवायला आलेला माणूस आधी भिंतीकडे बघत राहिला, मग सोफ्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाला, "सोफा थोडा मागे घेता येईल?" सोफ्याची पाठ आधीच भिंतीला टेकलेली आहे, आता मागे घ्यायचा तर शेजारच्यांच्या घरात जाईल. शेवटी बसवला एकदाचा. दोऱ्यांच्या रिळांची फळी काढावी लागली. दिव्याचं बटण टीव्हीच्या मागे गेलं, आता दिवा लावायचा तर गाईच्या पोटाखाली हात घालावा तसा खालून हात घालून चाचपावं लागतं. सोफ्यावर बसून बघायची सोय नाही. नायिका डाव्या टोकाला बोलते, नायक उजव्या टोकाला उत्तर देतो, त्यांचं भांडण मिटेपर्यंत आपली मान लचकते. हे स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसतात, तिथून बरा दिसतो म्हणतात. मी मशीनवरून बघते, मला कडेने सगळेच बारीक दिसतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मला ठाऊक नाही असं नाही, पण आमचं अंथरूण तुमच्या अंथरुणाशेजारी घातलेलं आहे ना!

आणि हाय डेफिनिशन म्हणजे काय, तर जे दिसायला नको तेही दिसणं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही. मालिकेतल्या त्या श्रीमंत घराच्या दिवाणखान्यात जे पडदे आहेत, त्यांची खालची दुमड हातानेसुद्धा घातलेली नाही, नुसती चिकटवली आहे! नायिका पडद्याला धरून रडत होती आणि माझा जीव वरखाली, की ही आता ओढणार आणि सगळं उसवणार. काय रडली, का रडली, मला काही कळलं नाही.

तुम्हाला एक माहीत नसेल. मी इतकी वर्षं मालिका कधी बघितलीच नाही. संध्याकाळी माझे डोळे सुईवर असतात. सासूबाई सोफ्यावर बसून बघायच्या आणि मला सांगत जायच्या. "आली बघ ती सटवी. आता दार लावून घेतलंन. आता बघ कशी गोड बोलते." मी मधेच भांडायची, की कालच तर तुम्ही तिला गुणाची म्हणालात. त्या म्हणायच्या, "काल होती." त्यांच्या सांगण्यात थोरली सून भारी कपटी होती आणि धाकटी बिचारी कामाची. मला फार पटायची ती मालिका. परवा पहिल्यांदा मी ती स्वतःच्या डोळ्यांनी, पासष्ट इंचात बघितली. जाऊबाई, त्यात कपटी धाकटी आहे! थोरली साधी, देवमाणूस. म्हणजे इतकी वर्षं सासूबाईंनी माझ्यासाठी अख्खी मालिका फिरवून सांगितली.

मला तेव्हापासून चैन नाही. टीव्ही एवढा मोठा, आवाज एवढा मोठा, आणि घर मात्र मुकं वाटतं. मी "पुढे काय झालं?" असं विचारते आणि हे स्टुलावरून म्हणतात, "मला वाटलं तू बघत होतीस." तुमचे डोळे तर मोकळे असतात. तुम्हाला सांगावं लागत नाही. मग सासूबाई तिथे बसून करतात काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. नुसत्या बघतात? गप्प? तुम्हाला त्यांची गरज नाही आणि त्या तुमच्याकडे, मला आहे आणि मी मशीनवर एकटी. याला न्याय म्हणत असतील तर तोही उरेबच मोजलेला असणार.

असो. काच कशाने पुसायची तेवढं कळवा. भाऊजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद.

तुमची धाकटी जाऊ

ता. क. आत्याबाईंना मी सांगितलं आहे की टीव्ही उरेब मोजतात आणि तुमचा पंचावन्न खरा आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. यापुढे माझा इलाज नाही.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होते, तर मशीनच्या खणात, सासूबाईंच्या हातरुमालात गुंडाळलेला त्यांचा चष्मा सापडला. लांबचं बघायचा. त्यांना चष्मा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही ना? नसणारच. थोरलीला कळू द्यायचं नाही अशी त्यांची मला ताकीद आहे. चारचौघांत लावत नाहीत, म्हातारं दिसायला होतं म्हणतात. फक्त इथे, माझ्यासमोर लावतात. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या भिंतीवरचा टीव्ही नुसता उजेड दिसतो. म्हणजे तो नटाच्या मिशीतला केस न् केस! जाऊबाई, महिनाभर त्या तुमच्या पंचावन्न इंचांत काही म्हणजे काही बघत नाहीयेत, आणि तुम्हाला विचारतही नाहीयेत. पाहुणी माणसं विचारत नसतात. तुम्ही टीव्हीत जिंकलात हे मी मान्य करते. चष्म्यात मी जिंकले. मी सांगितलं हे त्यांना सांगू नका.

शेवटचा ता. क. काच मी ओल्या फडक्याने पुसते, चांगली निघते. ते विचारायचं नव्हतंच. त्यांना शनिवारच्या गाडीत बसवून द्या. नव्या टीव्हीसाठी येते म्हणाल्या तर सांगा, पासष्ट इंची आहे. त्या टीव्हीसमोर मी बसायची नाही म्हणाल्या तर सांगा, जुना डबा अजून टेबलाखाली आहे, त्यांनी विणलेल्या झालरीसकट. दोन्हींपैकी जे ऐकून त्या गाडीत चढतील ते सांगा. चष्मा मी पुसून ठेवला आहे.