डंकनसाहेबाचा ओटा आणि त्याची वहिवाट

मी, पुष्पाबाई रुपचंद पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शेती, राहणार डंकनपेठ, ता. धरणगाव, जि. जळगाव, माझ्यामागे कोणी भांडू नये म्हणून हे राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मला त्याची गरज नव्हती, मुलगा ललित याला पडेल.

१. राहते घर व केळीचे शेत ललितला. दागिने मुलगी भाविका हिला. जाऊबाई यशोदाबाईंनी नेलेला पाटा त्यांच्याकडेच राहू द्यावा. पाटा माझा आहे.

२. डंकनपेठ हे गाव स्कॉटलंडहून कापूस घ्यायला आलेल्या डंकनसाहेबाने वसवले, असे चौकातला फलक सांगतो. साहेबाने जिनिंग घातली, पेठ आखली, भोवतालची जमीन नावावर करून घेतली, हे खरे. ज्यांनी डोक्यावर माती वाहिली त्यांच्या नावांना फलक लहान पडला असावा.

३. साहेबाची कबर असलेली वीस गुंठे जागा यजमानांनी माझ्या नावे घेतली. मायेपोटी नव्हे, भुताशेजारचा सातबारा त्यांना स्वतःच्या नावावर नको होता. भरदुपारी साहेब फिरतो म्हणून गडीमाणूस तिकडे फिरकत नाही. म्हणूनच कापूस वेचणाऱ्या बायका कबरीच्या ओट्यावर पाय पसरून बसतात, भाकर खातात, सासूचा उद्धार करतात, रडायचे ते रडून घेतात. लग्न होऊन आले तेव्हा मीही तिथेच रडले. बायकांना अशी दुसरी जागा गावात नाही, आणि ललितला तिथे प्लॉट पाडायचे आहेत.

४. सबब ही जागा मी सून दिपमाला हिला देते. साहेबाचे भूतही तिलाच. मला ते सासूबाईंकडून मिळाले. दर अमावास्येला दुपारी ओट्यावर एक पेटती विडी ठेवावी, म्हणजे वास रस्त्यापर्यंत जातो. साहेब चिरूट ओढायचा म्हणतात, पण मेल्यावर माणसाने भागवून घ्यावे.

५. हे वाचून ललित म्हणेल, भूत खोटेच होते. म्हणू द्यावे. लहानपणी तो माझा पदर धरून म्हणायचा, "माय, तठे साहेब शे, माले भ्याव लागस." यंदा गिऱ्हाईक घेऊन आला, तेव्हा रस्त्यावरूनच त्याला म्हणाला, "तुम्ही पाही या, मी आठेच शे." गिऱ्हाईकही गेले नाही.

लिहून ठेवणार : पुष्पाबाई रुपचंद पाटील (सही)

साक्षीदार :
१. बेबाबाई उखर्डू महाजन (अंगठा)
२. यशोदाबाई झुलाल पाटील (सही, पाट्याचा मजकूर मान्य नाही)

तारीख : १२ जानेवारी २०२५
स्थळ : साहेबाचा ओटा. ललितने आम्हाला गाडीतून आणले. तो कुंपणाबाहेर उभा आहे.